पट्ट्यांवर आधी पायी चालणारा

सिग्नल नाही, पोलीस नाही, डांबरावर फक्त पांढरे जाड पट्टे आहेत, अशा ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला आधी जाऊ देणे भारतातल्या प्रत्येक वाहनचालकावर बंधनकारक आहे. या पट्ट्यांना झेब्रा क्रॉसिंग म्हणतात. चालकाने वेग कमी करायचा, गरज असेल तर गाडी उभी करायची आणि माणूस पार झाल्यावर पुढे निघायचे, एवढा साधा हा नियम आहे. व्यवहार मात्र उलटा चालतो. कडेला उभा असलेला माणूस गाड्यांची रांग संपायची वाट पाहतो आणि एखाद्याने गाडी थांबवलीच, तर उपकार झाल्यासारखा हात वर करून पळत सुटतो. हिंगोली जिल्ह्यातले चौक, बसस्थानकांसमोरचे रस्ते आणि महामार्गावरचे फाटे याला अपवाद नाहीत.

जिल्हा आणि त्याचे पायी चालणारे

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले जवळपास ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. शाळा-कॉलेज, दवाखाना, बँक, तहसील, आठवडी बाजार आणि हळदीचा मोंढा यांसाठी या लोकांना तालुक्याच्या गावी यावे लागते. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी येथे एसटीची आगारे आहेत. तिथून निघालेली एसटी किंवा काळीपिवळी जीप प्रवाशाला गावाच्या फाट्यावर उतरवते. तिथून पुढे पायी.

फाट्याची रचना पाहिली की धोका कुठे आहे ते कळते. गाव रस्त्याच्या एका अंगाला असते. वाहने डाव्या बाजूने चालत असल्यामुळे तालुक्याला जाणारी गाडी रस्त्याच्या एका कडेला थांबते आणि परतीची गाडी दुसऱ्या कडेला. म्हणजे जाताना किंवा येताना, एकदा तरी, फाट्यावरच्या प्रत्येक प्रवाशाला मोठा रस्ता ओलांडावाच लागतो. दप्तर पाठीला लावलेली मुलगी असो, बाजाराची पिशवी घेतलेली आजी असो किंवा औषधाची चिठ्ठी घेऊन निघालेला शेतकरी असो, यातून कोणाची सुटका नाही.

हे रस्ते आता गावरस्ते राहिलेले नाहीत. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी, नांदेडमार्गे तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ जिल्ह्याच्या मधून जातो. वारंगा फाट्यावर त्याला तुळजापूरहून विदर्भाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ मिळतो. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की लांब पल्ल्याच्या ट्रकचा वेळ वाचतो; पायी ओलांडणाऱ्याला मात्र पूर्वीपेक्षा जास्त अंतर, जास्त वेगाच्या वाहनांमधून कापावे लागते.

दिंडीला मिळते ते एकट्याला मिळत नाही

पायी चालणाऱ्यासाठी गाडी थांबवणे हिंगोलीच्या चालकाला नवे नाही. आषाढी वारीच्या काळात शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी नामदेव, औंढा नागनाथ या वाटेने जिल्हा पार करते. आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नर्सीला वारकऱ्यांची गर्दी होते. महाशिवरात्रीला औंढ्याच्या रस्त्याला माणसांचा पूर लोटतो. अशा वेळी ट्रक कडेला घेतला जातो, हॉर्न बंद होतो, कित्येक चालक खाली उतरून पालखीला हात लावतात. अंत्ययात्रेसाठी, वरातीसाठी, इतकेच काय, संध्याकाळी रानातून परतणाऱ्या गुरांसाठीही वाहने थांबतात.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. समूह लांबून दिसतो, तो मध्येच तोडून पुढे जाता येत नाही आणि दिंडी किंवा यात्रा असेल तर सोबत बंदोबस्तही असतो. एकट्या माणसाकडे यातले काहीच नसते. तो लांबून दिसत नाही, आणि आपण वेग कमी केला नाही तर तोच मागे सरेल याची चालकाला खात्री असते. झेब्रा क्रॉसिंगचा नियम नेमका या एकट्या माणसासाठी आहे. संख्येमुळे समूहाला जो मान मिळतो, तो एकट्याला पट्ट्यांमुळे मिळावा, असा त्यामागचा हिशेब आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली १९८९ मध्ये रस्त्यावरच्या वर्तनाचे नियम लागू झाले. नियंत्रण नसलेल्या पादचारी क्रॉसिंगवर पहिला हक्क पादचाऱ्याचा, हे त्यांतच स्पष्ट लिहिलेले होते. त्यांची जागा २०१७ मध्ये अधिक तपशीलवार चालन नियमांनी घेतली. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगजवळ येताना वेग कमी करणे, थांबणे आणि पायी चालणाऱ्यांना तसेच व्हीलचेअर वापरणाऱ्यांना वाट देणे हे त्यांनुसार चालकाचे कर्तव्य आहे. पुढे वाहतूक तुंबलेली असेल आणि आपली गाडी पट्ट्यांवरच अडकण्याची शक्यता असेल, तर पट्ट्यांच्या अलीकडेच थांबायचे. सिग्नल असेल तिथे थांबरेषेच्या अलीकडे थांबायचे. पट्टे ही दुचाकींनी पुढे सरकून उभे राहण्याची जागा नाही. फुटपाथवर वाहन चालवण्यास मनाई आहे.

जिथे पट्टे नाहीत, अशा फाट्यावर पादचाऱ्याला आपोआप पहिला हक्क मिळत नाही. पण चालक मोकळा सुटतो असेही नाही. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेसाठी विशेष काळजी घेण्याचे बंधन २०१७ च्या नियमांनी प्रत्येक चालकावर टाकले आहे, आणि ते रस्त्याच्या प्रत्येक मीटरला लागू आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हे चालन नियम मोडल्याबद्दल ५०० ते १००० रुपये दंडाची तरतूद आहे. लाल सिग्नल तोडणे किंवा हातात मोबाइल धरून गाडी चालवणे धोकादायक वाहनचालनात मोडते आणि त्याची शिक्षा बरीच कडक आहे. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्यामुळे पादचाऱ्याची सोय करणे हे स्थानिक प्रशासनावरही घटनात्मक बंधन ठरते.

वेगाचे गणित

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक मरण पावले. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पायी चालणारे होते, म्हणजे जवळपास दर पाच मृतांत एक. त्याच वर्षी महाराष्ट्रात रस्त्यांवर १५ हजारांहून अधिक जीव गेले.

या मृत्यूंचे मोठे कारण वेग, आणि तो दोन प्रकारे काम करतो. पहिला प्रकार थांबण्याच्या अंतराचा. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे गेलेली असते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. वेग ५० असेल तर २८ मीटर लागतात आणि ७० असेल तर सुमारे ४७ मीटर. वेग दुप्पटीपेक्षा थोडाच वाढला, पण अंतर साडेतीन पटींवर गेले. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या ट्रकच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते.

दुसरा प्रकार धडकेच्या जोराचा. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धडक बसली, तर बहुतेक पादचारी वाचतात. वेग ५० च्या पुढे गेला की वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणूनच माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. भारतात २०१८ च्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीतही मोटारीला कमाल ७०, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० चा वेग चालतो. राज्य शासन वा स्थानिक यंत्रणा त्याहून कमी मर्यादा लावू शकतात. शाळेसमोर किंवा बाजारात ७० च्या वेगाने धावणारी मोटार केंद्राच्या अधिसूचनेत बसली, तरी पट्ट्यांवरच्या माणसासाठी वेळेत थांबू शकेल असे नाही.

हाच हिशेब पायी चालणाऱ्याच्या बाजूने मांडता येतो. दुपदरी रस्त्याचे डांबर साधारण सात मीटर रुंद असते. रस्ते अभियंते चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने ओलांडायला सहा सेकंद लागतात आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला आठ-नऊ. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सहा सेकंदांत सुमारे १३० मीटर आणि आठ सेकंदांत जवळपास १८० मीटर अंतर कापते. एवढ्या लांबच्या गाडीचा वेग नुसत्या नजरेने ओळखणे कोणालाही अवघड जाते, मुलांना तर फारच. पाऊल टाकताना रिकामा वाटलेला रस्ता मध्यावर पोचेपर्यंत रिकामा राहत नाही, तो यामुळे.

थांबायचे कसे

वाट देणे हेही ड्रायव्हिंगचे कौशल्य आहे. क्रॉसिंगचा फलक किंवा पट्टे दिसले की आधी आरशात मागचे वाहन पाहायचे, मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढून वेग हळूहळू उतरवायचा. अचानक ब्रेक मारला तर मागची दुचाकी येऊन आदळते. उजवा हात बाहेर काढून, तळवा खाली ठेवून वर-खाली हलवणे ही वेग कमी करत असल्याची खूण आहे. ट्रॅक्टर आणि जीपवाल्यांनी ती वापरली, तर मागच्याला आगाऊ कळते. थांबताना पट्ट्यांपासून दोन-तीन मीटर अलीकडे थांबावे, म्हणजे ओलांडणाऱ्याला गाडीच्या पलीकडचे दिसते. थांबल्यावर हॉर्न वाजवून घाई करायची नाही, क्लच सोडत गाडी पुढे-पुढे रेटायची नाही. ‘जा, जा’ असा हात करणेही टाळावे. दुसऱ्या लेनमधला चालक थांबेल की नाही, हे हात करणाऱ्याच्या ताब्यात नसते.

सर्वांत घातक प्रकार घडतो तो एक जण थांबल्यानंतर. ट्रक थांबला, त्याच्यासमोरून मुलगा निघाला आणि ट्रक का थांबला याचा विचार न करता मागून येणाऱ्या दुचाकीने कट मारून पुढे झेप घेतली, तर दोघेही एकमेकांना अगदी शेवटच्या क्षणी दिसतात. म्हणून क्रॉसिंगजवळ थांबलेल्या किंवा सावकाश झालेल्या वाहनाला ओव्हरटेक करायचे नाही. एसटी फाट्यावर उभी असतानाही हीच दक्षता लागते, कारण तिच्या तोंडासमोरून कोणी ना कोणी निघणारच.

गळीत हंगामात या धोक्याचे आणखी एक रूप दिसते. वसमत, कळमनुरी भागात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ते सावकाश चालतात, त्यामुळे मागचे चालक उजवीकडून बाहेर पडतात. पलीकडच्या कडेने ओलांडायला निघालेला माणूस त्या बाजूने येणाऱ्या वाहनांकडे बघत असतो आणि ओव्हरटेक करणारी जीप उलट्या दिशेने त्याच्या अंगावर येते. रात्री तर ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल, तर आड कोण आहे याचा पत्ताच लागत नाही.

रात्रीच्या वेळी अप्परवरचा दिवा समोरच्या माणसाचे डोळे दिपवतो. गावाजवळ आणि क्रॉसिंगजवळ दिवा डिप्परवर घ्यावा आणि डिप्परच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, असा वेग ठेवावा. आपल्याकडे दिवा दोनदा मारण्याचा प्रचलित अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा आहे. क्रॉसिंगवर हा इशारा देण्याचा अधिकार चालकाला नाही.

रस्ता नीट तर वर्तन नीट

चालकाची सभ्यता रस्त्याच्या रचनेवरही अवलंबून असते. पट्टे पुसट झाले असतील, त्यांवर हातगाडे उभे असतील किंवा ते दुभाजकाला जाऊन भिडत असतील, तर तिथे कोणी थांबेल ही अपेक्षा फोल आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यावरील खुणांसाठी, फलकांसाठी आणि पादचारी सुविधांसाठी स्वतंत्र मानके दिली आहेत. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा आणि १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेला हवा, पट्ट्यांच्या अलीकडे थांबरेषा हवी, आधी सूचना देणारा फलक हवा, अशा त्यांतल्या गोष्टी आहेत. रंगात काचेचे बारीक मणी मिसळले की रात्री दिव्यात पट्टे चमकतात.

कमी खर्चात सर्वाधिक उपयोग होतो तो उंचवट्याच्या क्रॉसिंगचा. पट्टे फुटपाथच्या उंचीला आणले की तेच गतिरोधकाचे काम करतात आणि प्रत्येक गाडीला वेग उतरवावाच लागतो. मात्र गतिरोधक मानकाप्रमाणे हवा. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असे त्याचे माप आहे. गावोगावी रातोरात टाकलेला मुरमाचा किंवा डांबराचा टोकदार ढीग दुचाकीस्वारालाच पाडतो. चौपदरी रस्त्यावर दुभाजकात उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा ठेवली, तर एका वेळी एकाच दिशेची वाहतूक पाहून ओलांडता येते. शाळा आणि बसथांब्याजवळ रात्री उजेड हवा. वाहने फार वेगात असतील अशा ठिकाणी भुयारी मार्ग हाच खरा उपाय. तो लांब, अंधारा किंवा पावसात पाण्याने भरणारा असेल, तर लोक तो टाळून वरूनच जातात.

ही कामे एका कार्यालयाची नाहीत. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीत नगरपरिषदा, सेनगाव आणि औंढ्यात नगरपंचायती शहरातले रस्ते पाहतात. राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे. या सर्वांना पोलीस आणि परिवहन विभागासह एका टेबलाशी बसवण्यासाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. फाट्यावर पट्टे, फलक किंवा दिवा हवा असेल, तर ग्रामपंचायतीने किंवा शाळेने लेखी मागणी तिथपर्यंत पोचवणे हा सरळ मार्ग आहे. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा जण दगावले, तर ती जागा अपघातप्रवण ठिकाण म्हणून नोंदली जाते. मागणी आधीच केली, तर तेवढे बळी जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

इतरत्र काय घडले

पादचारी क्रॉसिंगला ठळक खुणा देण्याची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. १९३४ मध्ये तिथे क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोल उभारले गेले. वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्यावरून त्यांना बेलिशा दिवे म्हणतात. खांब दिसले तरी रस्त्यावरची जागा चालकाला नीट दिसेना, म्हणून प्रयोगांनंतर १९५१ मध्ये काळे-पांढरे पट्टे नियमात आले.

पट्टे आले म्हणून चालक लगेच थांबत नाहीत, हे जपानच्या अनुभवातून दिसते. तिथेही कायद्याने थांबणे सक्तीचे होते. तरी जपान ऑटोमोबाइल फेडरेशनने २०१६ मध्ये सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पाहणी केली, तेव्हा जेमतेम ७.६ टक्के मोटारी थांबल्या. ही आकडेवारी दर वर्षी प्रांतवार प्रसिद्ध होऊ लागली, त्यावर चर्चा झाली, पोलिसांनी कारवाई वाढवली. २०२४ मध्ये थांबणाऱ्यांचे प्रमाण ५३ टक्क्यांवर पोचले. आठ वर्षांत लोकांचा स्वभाव बदलला असे कोणी म्हणणार नाही. न थांबण्याकडे कोणी पाहत नाही, ही स्थिती मात्र बदलली.

महाराष्ट्रात पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन पाळायला सुरुवात केली. हिंगोलीसारख्या शहरात मोजणी करायला मोठी यंत्रणाही लागत नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या चौकात तासभर उभे राहून किती गाड्या थांबल्या ते नोंदवले आणि दर वर्षी रस्ता सुरक्षा अभियानात ते आकडे जाहीर केले, तरी सुधारणा होते की नाही ते कळू लागेल.

ओलांडणाऱ्याने घ्यायची काळजी

हक्क असला तरी लोखंडापुढे शरीर कच्चे असते. पट्टे जवळ असतील तर तिथूनच ओलांडावे. पाऊल टाकण्याआधी येणाऱ्या चालकाने आपल्याला पाहिले आहे, याची खात्री करावी आणि पळत सुटण्याऐवजी सरळ, एका चालीने जावे. एसटीतून उतरल्यावर तिच्या समोरून न जाता ती निघून जाईपर्यंत कडेला थांबावे. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. रात्री आणि पहाटे पांढरा किंवा फिका कपडा लांबून दिसतो. हातात बॅटरी असेल तर आणखी बरे. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी सायरन देत येत असेल, तर पादचाऱ्यानेही थांबावे.

अपघात झालाच, तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे चालकावर बंधनकारक आहे. मदतीला धावणाऱ्या तिऱ्हाइताला कायद्याचे संरक्षण आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेतून मृताच्या कुटुंबाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई मिळू शकते.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत वाहतूक चिन्हे आणि चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न येतात आणि ६० टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार पास होतो. पादचाऱ्याला वाट देण्याचा नियम त्या चाळीस टक्क्यांत राहून जाऊ नये, यासाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूलने पहिल्याच आठवड्यात शिकाऊ चालकाला क्रॉसिंगवर गाडी थांबवायला लावणे, शाळांनी मुलांना प्रत्यक्ष रस्त्यावर ओलांडायला शिकवणे आणि वाहतूक पोलिसांनी हेल्मेटइतकीच या नियमाची तपासणी करणे, ही तिन्ही कामे आजच्या कायद्यात आणि आजच्या मनुष्यबळात होण्याजोगी आहेत.